विभाग सोडण्याचे कारण

माणसाचं अक्षर चांगलं असू नये. निदान सरकारी विद्यापीठात नोकरी करणाऱ्याचं तरी नसावं. माझं आहे. त्यामुळे आमच्या भूगोल विभागात कुठलाही कागद आला, की तो इकडेतिकडे न बघता सरळ माझ्या टेबलावर येऊन पडतो. या वेळचं काम तर संगणकावर करायचं होतं, म्हणजे अक्षराचा काडीचा संबंध नव्हता. मी तसं विभागप्रमुख मॅडमना म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "सर, अक्षर चांगलं म्हणजे माणूस चिकाटीचा." यावर काय बोलणार? नाही म्हणावं तर चिकाटी नाही असं कबूल केल्यासारखं. घेतला कागद.

कागदाचं नाव होतं 'विद्यार्थी मागोवा'. साध्या भाषेत सांगायचं तर गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या मुलांपैकी किती टिकली, किती पदवी घेऊन बाहेर पडली, आणि बाहेर पडलेली आज पोटापाण्यासाठी काय करतात, हे शोधून काढायचं होतं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी तो कागद कपाटात ठेवून त्याचं वय वाढू दिलं असतं. पण खाली ठळक अक्षरांत धमकी होती. ज्या विभागात निदान ऐंशी टक्के मुलं टिकलेली नाहीत, तो विभाग नव्या पर्यटन केंद्रात विलीन करण्यात येईल. म्हणजे आजवर नद्यांची खोरी शिकवलेला मी पुढच्या वर्षापासून 'पाहुण्यांचे हसतमुख स्वागत' हा विषय शिकवणार.

बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे कुठलीही बातमी ती शांतपणे ऐकून घेते. म्हणाली, "हसतमुख? तुम्ही? पाहुणे दारातूनच परत जातील हो."

गंमत अशी, की पृथ्वीवरची कुठलीही नदी कुठे उगम पावते आणि कुठे जाऊन मिळते ते मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण माझ्या नाकासमोर तीन तीन वर्षं बसलेली मुलं दारातून बाहेर पडून कुठे गेली, याचा मला पत्ता नव्हता. भूगोल विभागाची मुलं भूगोलात कुठे आहेत ते भूगोल विभागालाच ठाऊक नाही, हे बाहेर कळलं असतं तर पर्यटनवाल्यांनी आम्हाला फुकटसुद्धा घेतलं नसतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. सगळी इमारत त्यांना मॅनेजरच म्हणते. निवृत्त झाल्यापासून त्यांना सल्ले साठतात, आणि ते मोकळे करायला त्यांना जिना लागतो. मी कागद हातात घेऊन जिना चढत होतो, तेवढ्यात त्यांनी गाठलं.

"प्रोफेसर, सोपं आहे हे. बँकेत आम्ही काय करायचो? पत्र पाठवायचो. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र. त्याचंही आलं नाही तर तिसरं."

"आणि तिसऱ्याचंही आलं नाही तर?"

"तोवर आपली बदली होते."

हा सल्ला देऊन झाल्यावर ते निघून जातील असं मला वाटलं. पण ते कधीच तसे जात नाहीत. दर वेळी जाता जाता वळतात आणि विचारतात, "बाकी कन्या काय म्हणते? काय करते हल्ली?"

"क्षेत्रीय काम," मी म्हणतो.

"वा वा. चालू दे, चालू दे," असं म्हणून ते मिशीतल्या मिशीत हसतात.

आता हे क्षेत्रीय काम काय ते सांगितलं पाहिजे. माझी एकुलती एक मुलगी आमच्याच विभागात शिकत होती. माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर. आणि दोन वर्षांपूर्वी, पदवीला एक वर्ष उरलेलं असताना, एके दिवशी सकाळी तिने आईला सांगितलं, की मी आजपासून कॉलेजला जाणार नाही. आईने मला सांगितलं. मी आईला सांगितलं, की तिला सांग, हे बरं नाही. त्यावर तिने आईकरवी काही कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारायचं मी का? सोडलं तिने, सांगायचं तिने. अशी माझी भूमिका होती, आणि ती मला अतिशय तर्कशुद्ध वाटत होती.

आता ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. गाडीच्या टपावर मोठ्ठी पाटी, मागे-पुढे लाल अक्षरं, आणि बाजूच्या सीटवर माझी मुलगी. भूगोलाच्या प्राध्यापकाची मुलगी लोकांना क्लच दाबायला शिकवते! मी एकच अट घातली होती, तीही आईमार्फत. गाडी दारात लावायची नाही, कोपऱ्यापलीकडे लावायची. ती अट तिने निमूटपणे पाळली होती. रस्त्यात ती गाडी समोरून आली, की मी चपलेच्या दुकानाच्या काचेत बघत उभा राहतो. दुकानदाराला वाटतं मला चपला घ्यायच्या आहेत. दोन वर्षांत तीन जोड घेतले. घरात आमचं बोलणं 'मीठ', 'पाणी' आणि 'दार लावून घे' एवढ्यावर चाललेलं. पण विभागातही विचारणाऱ्याला मी 'क्षेत्रीय काम' एवढंच सांगायचो, आणि बाहेर कुणाला काही कळलेलं नाही, याचं मला मोठं समाधान होतं.

तर मागोवा. माझा मेव्हणा जाहिरातींच्या धंद्यात आहे. तो म्हणाला, "भावजी, कसली पत्रं पाठवताय! मोबाइलवर फॉर्म टाका, धडाधड उत्तरं येतील." टाकला. उत्तरं आली खरी. एकाने व्यवसायाच्या रकान्यात 'सम्राट' लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, 'सर, ओळखा पाहू!' एकीने सगळी माहिती इतकी नीट आणि खरी भरली होती, की मला भरून आलं. मग शेवटी कळलं, की ती रसायनशास्त्राची होती आणि फॉर्म चुकून भरला होता.

शेवटी फोन करायला बसलो. विभागातला फोन माझ्या टेबलावर आणून ठेवला, समोर नंबर घेतले आणि घसा साफ केला. पहिल्या मुलाने फोन उचलला. मी म्हटलं, "मी भूगोल विभागातून सर बोलतोय."

पलीकडून घाईघाईने आवाज आला, "सर, तो अॅटलास मी परत केला होता, आईशपथ!"

"अरे, अॅटलासचं नाही विचारत. तू सध्या काय करतोस?"

"मी कुठे काय केलं, सर?"

फोन बंद. मग लक्षात आलं, आमचा अॅटलास तो मुलगा गेल्यापासून सापडत नाही.

दुसऱ्याने माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, "राँग नंबर." हा आवाज तीन वर्षं माझ्या वर्गात मागच्या बाकावरून गाणी म्हणायचा. तो मी ओळखणार नाही? मी म्हटलं, "अरे, तू तोच ना?" तो म्हणाला, "नाही, मी तो नाही, सर." राँग नंबरवाला मला सर कसं म्हणाला, हे त्याला विचारेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.

एकीच्या आईने फोन उचलला. मुलगी परगावी आहे, नोकरी करते, हे मला पहिल्याच मिनिटात कळलं, पण आईंना फोन ठेवायचा नव्हता. माझं वय, माझं पथ्य, घर भाड्याचं की मालकीचं, हे सगळं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. मागोवा मी त्यांचा घ्यायचा की त्यांनी माझा, हेच कळेना.

पण खरे नाकी नऊ आणले ते नोकरीला लागलेल्यांनी. या मुलांना माझ्या फोनचा इतका आनंद व्हायचा, की मला आधी गहिवरूनच यायचं. "सर! तुम्ही! किती बरं वाटलं!" आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा बॅग घेऊन विभागात हजर. आठवडाभरात माझ्याकडे पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, माझ्या गुडघ्यांचा विमा उतरला, आणि एका व्यायामशाळेने मला सभासद करून घेतलं. मॅडमनी विचारलं, "सर, कामाला लागलेली मुलं कळली का काही?" मी म्हटलं, "कळली. सगळी मलाच काही ना काही विकतायत." तिसरा रकाना मात्र झरझर भरत गेला.

बायको पाण्याच्या यंत्राकडे बघत म्हणाली, "आणखी एक आठवडा मागोवा घ्या. फ्रीज जुना झालाय."

दुसरा रकाना पदवीचा. त्यात आमची दाणादाण उडाली ती आजोबांमुळे. आजोबा हे आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याचं टोपणनाव. तो आला तेव्हा माझे केस काळे होते. दर वर्षी एक विषय ठेवतो, पुन्हा नाव घालतो, वाचनालयात पंख्याखालची जागा धरतो आणि वर्तमानपत्रातली कोडी सोडवतो. नव्या मुलांना कुठली खोली कुठे आहे ते तोच दाखवतो. त्याच्यासारखे आणखीही काही होते. मी त्याला व्हरांड्यात गाठला.

"अरे, या वर्षी तरी पास हो. माझ्यासाठी हो. विभाग बुडायला आलाय."

तो गंभीरपणे म्हणाला, "सर, मी विचार केलाय. मी पास झालो तर टिकलेल्यांत एक कमी होईल. तुम्हाला टिकणारे जास्त हवेत ना?"

खरंच होतं ते. कागदावरच्या व्याख्येप्रमाणे नापास होऊन पुन्हा नाव घातलेला मुलगा 'टिकलेला' धरायचा होता. म्हणजे आमच्याकडे टिकणं चांगलं होतं, ते मुलं पास होत नव्हती म्हणूनच. जितकं आम्ही वाईट शिकवू तितका विभाग सुरक्षित! मला एकदम हलकं वाटलं.

या आनंदात मी टिकलेल्यांचा आकडा घ्यायला नोंदणी कार्यालयात गेलो. तिथले हेडक्लार्क म्हणजे देवमाणूस. कुणाला नाही म्हणत नाहीत, त्यामुळे त्यांच्या टेबलापुढे कायम रांग असते आणि कुणाचंच काम होत नाही. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, यंत्रावर बोटं आपटली आणि चेहरा फुलवून म्हणाले, "अभिनंदन, सर! ऐंशी. बरोब्बर ऐंशी टक्के. वाचलात!"

मी कपाळावरचा घाम पुसला. ते पुढे म्हणाले, "तुमच्या ताई धरून हं."

"कोण ताई?"

"तुमची कन्या, सर. नाव आहे ना अजून."

मी चहा खाली ठेवला. म्हटलं, "तिने दोन वर्षांपूर्वी सोडलं."

"हो ना. पण कर्मचाऱ्यांच्या मुलांना फी माफ. फी भरायची असती तर कुणीतरी विचारलं असतं. माफ असल्यामुळे नाव आपोआप पुढच्या वर्षात सरकतं. आणि कापायचं म्हटलं तरी कसं कापणार, सर? तुम्ही रोज समोरून जाता. तुम्हाला काय वाटलं असतं?"

"पण तुम्हाला कसं कळलं तिने सोडलं ते?"

हेडक्लार्कांनी आधी छताकडे पाहिलं, मग टेबलाकडे. मग न राहवून म्हणाले, "काय शिकवतात हो ताई! आमची मिसेस रिव्हर्स म्हटलं की रडायची. आता गल्लीतून उलटी गाडी काढते. आरसा बघा, घाई करू नका, मी आहे बाजूला, एवढंच म्हणतात म्हणे ताई. ओरडत नाहीत."

मी तिथून उठलो तो तडक मॅडमच्या खोलीत. म्हटलं, "मॅडम, तुम्हाला माझ्या मुलीबद्दल काही माहीत आहे का?"

मॅडम जरा लाजल्या. त्यांना लाजताना मी प्रथमच पाहिलं. "सर, मी गेल्या उन्हाळ्यात शिकले तिच्याकडे. तुम्हाला सांगायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं."

"सगळ्यांनी म्हणजे?"

सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. ग्रंथपाल शिकले होते. नकाशांचा शिपाई शिकत होता. परीक्षा विभागातल्या दोघी एकाच वेळी शिकल्या होत्या, एक पुढे आणि एक मागे. मी दोन वर्षं ज्यांच्यापासून जीव मुठीत धरून लपवत होतो, ते सगळे माझ्यापासून लपवत होते! आणि 'काय सर, क्षेत्रीय काम कसं चाललंय?' असं विचारून घरी जाऊन हसत होते! माझी प्रतिष्ठा मी समजत होतो तशी शाबूत होती, पण ती इतरांनी सांभाळलेली होती, आजारी माणसाला घरातले सांभाळतात तशी. मला भयंकर राग आला. कुणाचा ते मात्र ठरवता येईना.

मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सर, नाव राहू द्या. ती राहिली तर ऐंशी. ती काढली की आपण ऐंशीच्या खाली, आणि सोमवारी कागद तपासायला समिती आली की थेट पर्यटन. कोण विचारतंय?"

मी हो म्हणणार होतो. मनापासून सांगतो, अगदी ओठांवर आलं होतं. विभाग वाचत होता, माझी खोली वाचत होती, हसतमुख स्वागत टळत होतं. पण इतकी वर्षं मी मुलांना एक गोष्ट बजावत आलो आहे, की नदी जिथे नाही तिथे नकाशात काढायची नाही. कितीही सुंदर दिसली तरी नाही. आणि आता माझ्याच घरातली मुलगी जिथे नाही तिथे मी काढायची? म्हटलं, "विचार करतो."

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. मुलगी अजून आली नव्हती. बायकोला आश्चर्य वाटलं नाही. तिला म्हणे आधीपासून ठाऊक होतं, कोण कोण शिकतंय ते. या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

"नाव काढायचं म्हटलं तर त्यात एक भानगड आहे," मी म्हटलं. "सोडून गेलेल्या प्रत्येकाला सोडण्याचं कारण विचारून लिहायचंय. आर्थिक, आरोग्य, लग्न, इतर."

"मग विचारा."

"तिने सांगायला नको का आपणहून?"

"अहो, दोन वर्षं झाली. ती वाट बघतेय तुम्ही विचाराल म्हणून. तुम्ही वाट बघताय ती सांगेल म्हणून. मी मध्ये मीठ देतेय." आणि तिने भाजीचं भांडं जरा जोरातच टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी विभागातल्या फोनवरून मुलीला फोन लावला. घरून लावायची हिंमत झाली नाही. बाप म्हणून विचारायला जीभ रेटत नव्हती, पण विभाग म्हणून विचारायला काय हरकत होती? घसा साफ केला.

"नमस्कार. भूगोल विभागातून बोलतोय. विद्यार्थी मागोवा या उपक्रमासाठी आपली माहिती हवी होती. वेळ आहे का?"

पलीकडून तितक्याच सरकारी आवाजात उत्तर आलं, "आहे. फोन स्पीकरवर आहे. गाडीत शिकाऊ बसलेत. विचारा."

"सध्या आपण काय करता?"

"गाडी चालवायला शिकवते. समोर बघा! समोर!" मी दचकून समोर बघितलं. "तुम्हाला नाही, बाबा."

"सध्याच्या कामात विभागातल्या शिक्षणाचा उपयोग होतो का?"

"रस्ते चुकत नाहीत. बाकी नाही. ब्रेक. ब्रेक दाबा. हळू… हं, शाबास."

इतका वेळ मी लिहीत होतो. आता पेन हातात नुसतंच राहिलं. पुढचा प्रश्न छापलेला होता, तो फक्त वाचायचा होता. ते एक वाक्य वाचायला मला फार वेळ लागला.

"विभाग सोडण्याचे कारण?"

गाडीचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. बहुधा कडेला घेतली असावी.

"पर्याय काय आहेत?" तिने विचारलं.

"आर्थिक, आरोग्य, लग्न, इतर."

"वडील," ती म्हणाली.

"हा पर्याय यात नाही."

"मग इतरवर खूण करा."

"इतर लिहिलं की तपशील द्यावा लागतो," मी म्हटलं. माझा आवाज सरकारी राहिला नव्हता.

"लिहून घ्या मग. बाबा, मी वर्गात बरोबर उत्तर दिलं की सगळे म्हणायचे, घरून शिकून आली. चुकलं की तुम्ही वर्गात काही बोलायचा नाहीत, आणि घरी रात्रभर तोंड पाडून बसायचात. मार्क मिळाले तर तुमचे, गेले तर माझे. मला जे येतं ते माझं आहे की तुमचं, हेच मला कळेना. मला एक तरी गोष्ट अशी यायला हवी होती जी तुम्हाला येत नाही." ती थांबली. "तुम्हाला गाडी येत नाही."

मी इतरवर खूण केली आणि तपशिलाच्या रकान्यावर पेन टेकवलं. तेवढ्यात फोनमधून दुसराच आवाज आला, अगदी ओळखीचा.

"प्रोफेसर, 'स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठी' असं लिहा. सरकारी कागदात बरं दिसतं."

वरच्या मजल्यावरचे मॅनेजर! जिन्यात रोज मला 'कन्या काय करते' विचारणारे मॅनेजर माझ्या कन्येच्या गाडीत स्टिअरिंग धरून बसले होते!

"काका, तुम्ही आरशात बघा," मुलगी म्हणाली. मग मला म्हणाली, "झाले का प्रश्न?"

"एक राहिलाय," मी म्हटलं. "विभागासाठी काही सूचना?"

ती म्हणाली, "हे आधी विचारायला हवं होतं विभागाने."

"हो. हवं होतं," मी म्हटलं. "विभाग चुकला."

मी ते तसंच लिहिलं. सोडून गेलेल्यांत एक नाव वाढवलं, कारण: इतर, तपशील: वडील. आकडा ऐंशीच्या खाली घसरला. मॅडमनी तो पाहिला, डोळे मिटले आणि पर्यटन केंद्राच्या प्रमुखांना फोन करून आमच्या कपाटांना तिकडे जागा आहे का ते विचारलं.

सोमवारी समिती आली. तीन माणसं, त्यातले दोघे कंटाळलेले आणि तिसरे अध्यक्ष. सकाळपासून त्यांनी अकरा विभाग ऐकले होते. अध्यक्षांनी आमचे कागद चाळले आणि एका जागी थांबले.

"हे काय आहे? कारण, वडील? कोण वडील?"

मी उभा राहिलो. गुडघ्यांचा विमा उतरवला होता ते बरं झालं. म्हटलं, "मी, साहेब. ती माझी मुलगी आहे. ती गाडी चालवायला शिकवते. या इमारतीतले निम्मे लोक तिच्याकडे शिकले आहेत. फार चांगलं शिकवते, ओरडत नाही." हे सगळं मी मोठ्याने बोललो, दार उघडं होतं, व्हरांड्यात माणसं होती. दारापाशी उभे असलेले हेडक्लार्क जोरजोरात मान हलवत होते.

अध्यक्षांनी चष्मा काढला. म्हणाले, "सकाळपासून अकरा विभागांत एकही मूल सोडून गेलेलं नाही. शंभर टक्के, शंभर टक्के, शंभर टक्के. मला वाटायला लागलं होतं, की या विद्यापीठाचं दार बाहेरून बंद आहे. तुमच्याकडे तरी माणसं येतात-जातात." मग त्यांनी दोघा सदस्यांशी कुजबुज केली आणि निर्णय दिला. सगळ्या विभागांची मोजणी पुन्हा व्हावी. ती होईपर्यंत कुणाचंही विलीनीकरण नाही. आणि ती मोजणी सगळ्या विभागांसाठी भूगोल विभागातल्या या सरांनी करावी.

मॅडम बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बघा, तुमचं अक्षर!"

घरी आलो तर गाडी दारात उभी होती. कोपऱ्यापलीकडे नाही, बरोबर दारात, पाटीसकट. मुलगी बोनेटला टेकून उभी होती. बायको कधी नव्हे ती कामावरून लवकर येऊन मागच्या सीटवर बसली होती. वर गॅलरीत मॅनेजर.

मुलीने किल्ली पुढे केली. "बसा."

"आत्ता? अगं, चहा तरी…"

"बसा, बाबा."

बसलो. सीट पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. मुलीने क्लच दाखवला, ब्रेक दाखवला. मी गाडी सुरू केली आणि ती एक उडी मारून बंद पडली. वरून मॅनेजर ओरडले, "प्रोफेसर, क्लच हळू सोडा! हळू!" पुन्हा सुरू केली, पुन्हा उडी, पुन्हा बंद. चपलेच्या दुकानाचा मालक दारात येऊन उभा राहिला. फाटकापाशी कोण कोण जमलं होतं ते मी पाहिलं नाही. कानशिलं तापली होती, हात घामाने भिजले होते. मी शिकवतो तेव्हा वर्गातल्या एखाद्या पोराला असंच होत असेल का, असं पहिल्यांदाच मनात आलं. मी दाराच्या कडीकडे हात नेला.

मुलीने ते पाहिलं. ती ओरडली नाही. समोर रस्त्याकडे बघतच म्हणाली, "सोडायचं असेल तर आत्ताच सांगा, बाबा. मी दोन वर्षांनी फोन करून कारण विचारणार नाही."

मागच्या सीटवर बायको पुढे सरकून बसली.

मी कडीवरचा हात काढला. म्हटलं, "नाही सोडत. तू सांग, आधी काय दाबायचं?"